डावा गाल

बारकूचा वस्तरा धाऊच्या डाव्या गालावर मध्येच थांबला.

"लागलं का रे?"

"कुठं?" धाऊ डोळे मिटूनच म्हणाला.

ओलं फडकं घेऊन बारकूनं ते गालावर दाबून धरलं, मग तुरटीचा खडा पाण्यात बुडवून त्याच जागी दोनदा फिरवला. दाढी करता करता गावभरच्या गोष्टी सांगणारा माणूस एवढा गप्प का झाला, म्हणून धाऊनं डोळे उघडले. समोर करंजाच्या खोडाला टेकवलेला आरसा होता. त्यात त्याला आपला गाल दिसला. कानाच्या पाळीखालून जबड्याकडे उतरणारी, बोटभर लांबीची लाल रेघ होती. फेस गुलाबी झाला होता आणि सदऱ्याच्या खांद्यावर दोन थेंब पडले होते.

तुरटी झोंबायला हवी होती. एवढ्या जखमेवर तुरटी फिरली की माणूस बसल्या जागी उडतो.

"हां हां, लागलं जरा," धाऊ घाईनं म्हणाला आणि त्यानं तोंड वाकडं केलं. पण वाकडं करायला उशीर झाला होता. ते दोघांनाही कळलं.

"हात घसरला माझा," बारकू म्हणाला. "म्हातारा झालो."

सापगावात बारकूचा हात घसरलेला कुणी पाहिला नव्हता. चाळीस वर्षं तो त्या करंजाखाली बसत होता. उजवा गाल त्यानं मुकाट्यानं उरकला. धोकटीत सामान भरण्याआधी वस्तरा तीनदा धुतला, आणि ते धुताना धाऊकडे पाठ केली.

धाऊ घरी गेला नाही. नदीच्या बाजूला बांधावर बोरीची झाडं होती, तिथं गेला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यानं एक काटा मोडला आणि उजव्या गालाला टोचला. डोळ्यांत पाणी आलं. मग डाव्या गालाला टोचला. काटा आत गेला ते बोटांना कळलं, गालाला कळलं नाही. दुसऱ्याच कुणाच्या गालाला आपण टोचत आहोत असं त्याला वाटलं. त्यानं काटा फेकून दिला. मग हात काखेत दाबून तो बांधावर खाली बसला.

तो डाग त्याला ठाऊक होता. गेल्या दिवाळीपासून तिथली कातडी थोडी फिकी दिसायची. उन्हानं असेल, गवताच्या कुसळानं असेल, असं तो म्हणायचा. आटगावला गवताची वखार होती, तिथं तो मुकादम होता. दिवसभर गासड्या बांधून घेण्याचं काम. कुसळं रोजचीच. त्यामुळे डागाकडे लक्ष द्यायचं नाही असं त्यानं स्वतःशी ठरवूनच टाकलं होतं.

आता त्याला गोजरआत्या आठवली. ती त्याच्या बापाची धाकटी बहीण. तिची बोटं झडायला लागली तसं बापानं ओढ्यापलीकडे तिला खोपटं बांधून दिलं. कातळावर भाकरी ठेवायची, हाक मारायची आणि ती बाहेर यायच्या आत मागं फिरायचं, अशी रीत होती. सहा पावसाळे ती तिथं राहिली. सातव्याला हाक मारूनही भाकरी तशीच राहिली. बापानं खोपटं मडक्यागाडग्यांसकट पेटवून दिलं, नदीवर जाऊन अंघोळ केली आणि त्या दिवसापासून घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. तिच्या वेळी औषध नव्हतं. आता आहे का, हे धाऊला माहीत नव्हतं आणि कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याकडेच आधी लोक बघतात.

त्यात सरूचं लग्न ठरत आलं होतं.

सरू त्याची एकुलती मुलगी. किन्हवलीकडच्या दामू विशेच्या घरून मागणं आलं होतं. मुलगा म्हादू कसाऱ्याला रेल्वेत लागलेला, घरी भाताची जमीन, माणसं वजनदार. माघात सुपारी फोडायची आणि वैशाखात लग्न, असं बोलणं झालं होतं. या गालाचा वास जरी त्या घराला लागला असता, तरी सुपारी फुटली नसती. आणि मग कुठलीच फुटली नसती.

आधी त्यानं दाढी वाढवून पाहिली. पंधरा दिवसांत कळलं की ते चालणार नाही. सगळीकडे केस दाट आले, पण त्या डागावर आलेच नाहीत. रोप न लागलेल्या खाचरासारखी ती जागा आणखी उठून दिसायला लागली. म्हणजे गाल गुळगुळीतच राहायला हवा होता, रोजच्या रोज, आणि तो दुसऱ्या कुणाच्या हाताखाली द्यायचा नव्हता.

पौषात म्हसा गावची जत्रा भरली तेव्हा बैल बघायचं निमित्त काढून तो मुरबाडकडे गेला. गुरांचा बाजार, घोंगड्यांचे ढीग, तमाशाचे तंबू असं सगळं ओलांडून, कानस-कात्र्या विकणाऱ्या एका माणसासमोर तो उकिडवा बसला. गोणपाटावर पाच-सहा वस्तरे उघडून ठेवले होते.

"कुणाला पायजे?" विकणाऱ्यानं विचारलं. "न्हावी दिसत नाय तुमी."

"पाव्हण्याला," धाऊ म्हणाला. खोटं बोलायची त्याला आताशा सवय लागत होती.

घरी काशीला त्यानं वेगळं सांगितलं.

"वखारीत मुंबईचे शेठ येतात. रोज दाढी लागते. बारकूदादाच्या मागं रोज कुठं लागू?"

काशीनं वस्तऱ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तुमाला येते का?"

"येईल."

आली नाही. दिवस उजाडता उजाडता तो गोठ्यामागं जायचा, खुंटीला आरसा टांगायचा आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवायचा. पहिल्या दिवशी उजव्या गालावर वस्तरा ठेवताच पातं कातडीत रुतलं. तो ओरडला. पण त्या ओरडण्यानं त्याला थोडं बरंही वाटलं. उजवी बाजू ओरडत होती, म्हणजे ती अजून त्याची होती. कापलं की दुखायचं, दुखलं की हात आपोआप मागं यायचा, आणि अशा रीतीनं उजवा गाल आठवड्याभरात त्याला शिकवत गेला.

डावा गाल काही शिकवीना. तिथं वस्तरा चालायचा तेव्हा धाऊचा श्वास बंद व्हायचा. आरशात एक हात एका तोंडावर पातं ओढताना दिसे आणि त्या दोघांशी आपला काही संबंध नाही असं वाटे. रक्त आलं की मगच कळायचं. कधी तेही आरशात दिसायचं नाही, मानेवरून ओघळून गळ्यापाशी कोमट लागलं की कळायचं, कारण गळा अजून जिवंत होता.

त्याहून वाईट अशी एक गोष्ट तो करू लागला. दाढी झाली की वस्तरा मिटायचा आणि त्याच्या मुठीचं टोक गालावरून हळूहळू सरकवत न्यायचं. कुठं कळायचं थांबतं ते बघायचं. पौषात ती हद्द कानाच्या पाळीखाली बोटभरावर होती. माघ लागला तेव्हा ती जबड्याच्या हाडावर आली होती. चार दिवस तो टोक लावत नसे, आणि पाचव्या दिवशी लावल्याशिवाय राहवत नसे.

वखारीत गवत दाबणाऱ्या सुक्यानं एकदा हसत विचारलं, "मुकादम, घरात मांजर पाळलंव काय?"

बाकीचेही हसले. धाऊ हसला नाही. त्या दिवशी त्यानं सुक्याला गासडीच्या तारा नीट ओढल्या नाहीत म्हणून सगळ्यांसमोर झाडलं. सुक्या वरमला. संध्याकाळी घरी येताना धाऊच्या मनात एवढंच आलं, की सुक्याला मांजर सुचलं ते बरं झालं.

सुपारीच्या दिवशी दामू विशे बायको धरून चौघा जणांना घेऊन आला. पन्नाशीचा, रुंद खांद्याचा माणूस. पांढरी टोपी, नवं उपरणं. ओटीवर घोंगडी अंथरली होती. धाऊनं आपली जागा आधीच हेरून ठेवली होती. डावी बाजू भिंतीकडे येईल असा तो बसला. पाहुण्यांना पाणी देताना, पान पुढं करताना, तो सगळा वळायचा, नुसती मान वळवत नसे. लग्नाच्या गर्दीत असं किती वेळ वळत राहायचं, हा विचार त्याच्या डोक्यातून जात नव्हता.

बोलणी सरळ चालली होती. सरू चहा ठेवून गेली. दामूच्या बायकोच्या चेहऱ्यावरून मुलगी पसंत असल्याचं दिसत होतं. मग दामूनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"एक इचारायचं होतं. राग मानू नका."

"इचारा की."

"तुमची एक आत्या होती म्हणतात. ओढ्याच्या पलीकडं राह्यची."

आत स्वयंपाकघरात काशीच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"होती," तो म्हणाला. "विधवा झाली, डोक्यावर परिणाम झाला. एकटी राह्यची. तापानं गेली."

"तापानं."

"हां. लय वर्सं झाली."

दामू त्याच्याकडे बघत राहिला. धाऊला वाटलं, तो आता उठेल. पण त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली, दोन्ही हातांनी नीट केली आणि म्हणाला, "इचारावं लागतं. पोरांचा प्रश्न असतो."

सुपारी फुटली. धाऊनं साखर वाटली. पाहुणे गेल्यावर काशी दाराशी येऊन उभी राहिली. गोजरआत्याचं तिला लग्नानंतर शेजारणींनी सांगितलेलं होतं. ती नवऱ्याला काही म्हणाली नाही. फक्त त्याच्या सदऱ्याची डावी कॉलर उलटून बघितली, तिथला रक्ताचा डाग बघितला, आणि कॉलर परत होती तशी केली.

फाल्गुनातल्या एका सकाळी धाऊ गोठ्यामागं आरशासमोर उभा होता. काशी आणि सरू नदीवर गेल्या होत्या. डाव्या गालाला साबण लावून त्यानं वस्तरा उचलला आणि आरशात त्याच्या खांद्यामागं बारकूचं तोंड आलं.

धाऊ गर्रकन वळला. म्हातारा परसाच्या वाटेनं आला होता. हातात धोकटी नव्हती.

"तीन महिने झाले," बारकू म्हणाला. "लोक मला इचारतात, धाऊशी भांडण झालं का म्हणून."

"नाय रे दादा. भांडण कसलं. वखारीत रोज..."

"दाखव तो."

त्यानं हात पुढं केला. धाऊनं वस्तरा दिला, आणि देताना त्याला वाटलं की आपण काहीतरी हातचं सोडलं. बारकूनं पातं उजेडात धरलं, अंगठ्याच्या नखावर आडवं टेकवलं.

"पातं बरं आहे. धार घालवलीस तू. पट्ट्यावर घासतोस तेव्हा पालटतोस कसा?"

धाऊनं दाखवलं.

"धारेवर पालटतोस. दर खेपेला तेवढी बोथट होते. पाठीवर पालट. पाठ पट्ट्याला चिकटून, धार मागून." त्यानं गोठ्याच्या दाराला अडकवलेला चामड्याचा पट्टा एका हातानं ताणला आणि पातं चार वेळा वर, चार वेळा खाली नेलं. घाई नाही, जोर नाही. "आता बस."

धाऊ दगडावर बसला. पण बारकूनं वस्तरा त्याच्या गालाला लावला नाही, तर त्याच्याच हातात परत दिला. स्वतः दोन हात अंतर ठेवून समोर उकिडवा बसला आणि स्वतःच्या गालावर रिकाम्या बोटांनी दाखवायला लागला.

"डाव्या हातानं कातडी वर ताण. आणखी. ढिली ठेवलीस की पात्याला तोंडात घेते ती. हां. आता पातं पाडून धर. पाठ नि गाल यांच्यामधी करंगळीचं टोक मावंल एवढंच उचल. जास्त नाय. केस जिकडं वळलेत तिकडं जा. आणि दाबू नको रे, तू गवत कापत नायस. वस्तरा आपल्या वजनानं जातो, आपण नुसता धरायचा. छोटा हात मार. थांब. पुसून घे. पुन्हा."

उजवा गाल झाला. इतका साफ आजवर झाला नव्हता. एकही थेंब आला नाही. धाऊच्या तोंडावर नकळत हसू आलं.

"आता तिकडचा," बारकू म्हणाला.

धाऊनं कातडी ताणली. पातं टेकवलं. हात तिथंच राहिला.

"तिथं तुला गाल सांगणार नाय," बारकू हळू आवाजात म्हणाला. "तिथं ऐकायचं. बरोबर चाललं की सुक्या गवतात पाय पडल्यासारखं वाजतं. वाजायचं थांबलं की पातं आडवं पडलं. खरडल्यासारखं वाजलं की उभं झालं. कान तर जागेवर आहे ना तुझा?"

म्हणजे म्हाताऱ्याला ठाऊक होतं. वस्तरा हातात तसाच होता, आणि एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, त्याच्या मनात आलं की या म्हाताऱ्याला गप्प करता येईल. त्यानं वस्तरा खाली दगडावर ठेवला.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? बायकोला पण नाय सांगितलं."

"मग आलास कशाला?"

बारकू जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिला. "तू यायचा थांबलास ते बरं झालं. तू आला असतास तर मला नाय म्हणावं लागलं असतं. त्याच वस्तऱ्यानं मला साऱ्या गावाचं करायचं असतं. आणि नाय म्हटलं असतं तर गावानं इचारलं असतं, का नाय म्हटलंस. मी दर सकाळी करंजाखाली बसायचो नि तुझ्या घराच्या वाटेकडं बघायचो. आज येतो का, आज येतो का." त्यानं काडी टाकली. "मला पण भ्या वाटतं रे. माझी सात नातवंडं आहेत."

गाय उगाच हंबरली.

"मुरबाडला मंगळवारी एक डॉक्टर येतो ठाण्याहून," शेवटी बारकू म्हणाला. "बाजाराच्या मागं चाळ आहे, तिथं. गोळ्या देतो. बोटं जायच्या आधी गेलं तर बोटं जात नाय म्हणतात. मी दोघांना धाडलंय इथून."

"कुणाला?"

"उद्या त्यांनी असंच इचारलं तर तुझं नाव सांगू का?"

धाऊनं मान खाली घातली. बारकू उठला. जाता जाता वळून म्हणाला, "कर ना. फेस सुकतोय."

आणि तो जाईपर्यंत धाऊनं कान देऊन डावा गाल पुरा केला. ते वाजत होतं. बारीक, कोरडं, एकसारखं. कानापासून डागाच्या कडेकडेनं जबड्यापर्यंत ते वाजत आलं आणि त्यानं फडक्यानं पुसलं तेव्हा फडकं पांढरंच होतं.

तरी तो लगेच मुरबाडला गेला नाही. तीन मंगळवार त्यानं जाऊ दिले. हात आता सुधारला होता. रोज सकाळी गाल असा काही निघायचा की वखारीतले शेठसुद्धा वाखाणायचे. काशीनंही एकदा सहज म्हटलं, "बारकूदादापेक्षा बरी करता." डाग दिसत नव्हता. वाटलं, असंच निभावेल. लग्न तर होऊ दे.

चौथ्या आठवड्यात त्यानं वस्तऱ्याच्या मुठीचं टोक गालावरून फिरवलं आणि ते ओठाच्या कोपऱ्यापर्यंत येऊनही काही कळलं नाही. त्यानंतर त्यानं घास खाताना, पाणी पिताना, ओठातून काही गळत तर नाही ना, म्हणून सारखा हात लावायला सुरुवात केली. चैत्रातल्या पुढच्या मंगळवारी, लग्नाचे कपडे बघून येतो असं घरी सांगून, तो शहापूरहून मुरबाडच्या एसटीत बसला. त्या वर्षी महाराष्ट्र राज्य होणार होतं. गाडीत सगळे त्याचंच बोलत होते. धाऊ खिडकीकडे डावी बाजू करून बसला होता आणि त्याला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

चाळीसमोर आंब्याखाली दोन बाकं होती. सातआठ माणसं बसली होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाठ करायच्या खटपटीत होता. एक म्हातारी फडक्यात गुंडाळलेला हात पदराखाली धरून होती. एक तरुण मुलगी एकटीच भिंतीशी उभी होती, चांगली दिसणारी, हातापायानं धड. तिच्याकडे बघून धाऊला सरू आठवली आणि त्यानं नजर दुसरीकडे वळवली. कंपाउंडरनं त्याचं नाव विचारलं तेव्हा ते खोटं सांगायचं त्यानं गाडीत ठरवलं होतं. तोंडातून खरंच निघालं. टोपी कपाळावर ओढून तो बाकाच्या टोकाला बसला.

"दामू विशे," आतून हाक आली.

धाऊला वाटलं, आपल्याला भास झाला. समोरच्या बाकावरून, त्याच्याकडे पाठ करून बसलेला एक रुंद खांद्याचा माणूस उठला. वळला. आणि जागच्या जागी उभा राहिला.

दोघांनी एकमेकांना पाहिलं. दामूच्या तोंडावरचं रक्त उतरलं. कंपाउंडरनं पुन्हा हाक मारली तसा तो पाय ओढत आत गेला.

उठून जायचं, एवढंच धाऊला सुचत होतं. एसटी अजून नाक्यावर उभी दिसत होती. उठायला गेला आणि त्याला राग आला. असा राग त्याला महिन्यांत आला नव्हता. माझ्या ओटीवर बसून मला आत्याचं विचारलंस. टोपी काढून विचारलंस. माझी पोर घेऊन जाणार होतास, आणि मी तुला घाबरून रात्र रात्र जागलो. तो तसाच बसून राहिला. सुपारीच्या दिवशी तो स्वतः काय बोलला होता ते आठवलं, तेव्हा रागाला पुढं जायला वाट राहिली नाही.

दामू बाहेर आला. हातात कागदाची पुडी होती. तो सरळ निघून जाईल असं धाऊला वाटलं, पण तो येऊन त्याच्याच बाकावर बसला. मध्ये हातभर जागा ठेवून.

"दोन वर्सं झाली," खाली बघत तो म्हणाला. "पायापासून चालू झालं. आता तोंडावर आलं."

धाऊनं टोपी कपाळावरून मागं सरकवली.

"आत्याचं इचारलं ते..." दामू थांबला. "आमच्या भावकीतलं कुणी तरी म्हणालं, गोजर नावाची कुणी होती. सगळ्यांसमोर म्हणालं. मी नसतं इचारलं तर म्हणाले असते, यानं का नाय इचारलं. तुमी तापाचं सांगितलंत तेव्हा मला माहीत होतं ताप नव्हता."

"मग सुपारी कशी फोडलीत?"

"मी कुठल्या तोंडानं नाय म्हणू?"

आंब्यावर कावळे भांडत होते. म्हातारीला आत बोलावलं. ती उठताना दामूनं तिला हात दिला, आणि तिनं तो घेतला.

"म्हादूला आहे का?" धाऊनं विचारलं.

"नाय. आणून दाखवला. डॉक्टरनं डोळे बांधून पिसानं, टाचणीनं सगळीकडं तपासला. त्याला नाय. सरूला?"

"दाखवली नाय अजून. काशीला पण सांगितलं नाय."

"दाखवा. भिऊ नका. आणि नसंल तर..." दामूनं हातातली पुडी सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग तो म्हणाला, "आणि असलं तरी गोळ्या आहेत. मी म्हादूच्या आईला सांगतो घरी. तुमी काशीबायला सांगा. मग चौघं मिळून काय ते बघू."

धाऊनं मान हलवली. गेल्या चार महिन्यांत पहिल्यांदा त्यानं समोरच्या माणसाकडे पूर्ण तोंड करून बघितलं. दामूच्या हनुवटीखाली, जबड्याच्या कडेला, जुन्या-नव्या जखमांच्या चार-पाच रेघा होत्या. एक ताजी होती. तिच्यावर कागदाचा तुकडा चिकटवला होता.

दामूनं त्याची नजर ओळखली आणि हात तिथं नेला.

"न्हाव्याकडं जायचं सोडलं," तो ओशाळून म्हणाला. "घरीच करतो. पण इथं कळतच नाय वो व्याही. सदऱ्यावर पडलं की कळतं. तुमचा गाल तर लोण्यासारखा आहे. कुणाकडून करून घेता?"

"मीच करतो."

"तुमी? मग हे इथलं, वळणावरचं, कसं जमवता?"

धाऊनं इकडे तिकडे बघितलं नाही. तो बाकावर हातभर सरकला. डाव्या हाताची दोन बोटं त्यानं दामूच्या जबड्यावर ठेवली आणि कातडी कानाकडे हळूच ताणली. दामूनं डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्याला किती दिवसांत दुसऱ्या माणसाचा हात लागला नव्हता कोण जाणे, त्याची पापणी सारखी हलत होती.

"आधी असं ताणायचं," धाऊ म्हणाला. "मग पातं पाडून. करंगळीचं टोक मावंल एवढंच."

आतून धाऊच्या नावानं हाक आली. थोड्या वेळानं पुन्हा आली. मग कंपाउंडर स्वतः दारात येऊन उभा राहिला.

"धाऊ सापगावकर कोण? डॉक्टर थांबलेत."

"जरा थांबा," धाऊ मागं न बघता म्हणाला, "खालची बाजू राहिली."